रेडिओ कंपनीच्या पाळणाघरात

१ जानेवारी १९७०

आज कंपनीने सगळ्यांना डायरी वाटली. साहेबांना मोठी, आम्हाला लहान, पण वरचं रेडिओचं चित्र दोन्हींवर सोनेरीच. मला देताना कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली, अंगठ्यासाठी. मी म्हटलं, "राहू दे बाप्पा ते, मले सही येते." आणि 'अंबूबाई' असं पूर्ण लिहून वर रेघसुद्धा ओढून दिली. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

जानेफळला असताना साक्षरतेच्या वर्गाला जायची तर जावा हसायच्या, बुढी आता कलेक्टर होते म्हणून. शैलजाबाई शिकवायच्या. फार गोड बाई, फक्त चहात साखर कमी घालायच्या. त्या सांगत, बोलताना खुशाल 'मले-तुले' म्हणा, लिहिताना 'मला-तुला' लिहा. म्हणून मी तसं लिहिणार. दुसरं कोणी बोललं तर मात्र जसं बोललं तसं.

तर कंपनी. शेगावच्या अलीकडे रुळाच्या कडेला आहे. मुंबईची. रेडिओ बनवते. लांब लांब शेडी, आत बायका रांगेने बसतात आणि केसासारख्या तारा भिंगातून पाहून तापल्या सळईने झाळतात, म्हणजे जोडतात. राळेचा वास असा सुटतो की देवळात बसल्यासारखं वाटतं, पण तासाभराने डोळे चुरचुरतात. बायकांची बोटं हलकी म्हणून बायकाच भरल्या. बायका आल्या तशी पोरं आली, पोरांसाठी सरकारच्या कायद्याने पाळणाघर आलं, आणि पाळणाघरासाठी मी. भोंगा झाला की घड्याळात कार्ड घालायचं, ते खट्कन चावतं. माझ्या पदरावर पितळी बिल्ला आहे. या वयात बिल्ला!

नोकरी माझ्या नातवाने लावली. नीळकंठ. त्याचे मायबाप लहानपणीच गेले, मीच वाढवला, म्हणून तो मला मायच म्हणतो. आखाड्यातला गडी, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या फाडाव्या लागतात. लेबर साहेबाच्या हाताखाली आहे. काम काय विचारलं तर म्हणतो, "शिस्त."

४ जानेवारी

आज रविवार. नीळूने वांग्याची भाजी मागितली, मी बेसनाच्या पातोड्याही केल्या. त्याच्यासारखा नातू देव सगळ्यांना देवो. रोज जेवायला बसला की विचारतो, "मंग माय, आज काय झालं पाळणाघरात?" आणि हातातला घास हातात ठेवून ऐकतो. माझे मालक होते, देव त्यांचं भलं करो, मी बोलायला लागले की कूस बदलायचे. पन्नास वर्षं मी भिंतीशी बोलले. आता माझं कोणीतरी ऐकतं.

आणि सांगायला काय कमी! दूध पाजायच्या सुट्टीत बायका येतात, मांडीवर पोर आणि तोंडात गोष्टी. मंजुळाबाईचा नवरा उकंडराव युनियन काढून राह्यला म्हणे. आमच्या शेजारच्या शालूबाईला पुण्याचा फोरमन हसतो, "तुम्ही मराठी बोलता का दगड फोडता?" म्हणून. ती म्हणाली, "दगडच फोडतो आमी, डोकं पुढं करा." पाळणे हलेपर्यंत हसलो.

१५ जानेवारी

काल संक्रांत. पाळणाघरात तिळगूळ वाटला. पोरं चिकट झाली, पुसता पुसता पदर गेला.

टेस्टिंगमधला भगवानराव आला होता पुतणीला पाहायला. सरळ माणूस, बोटं बाईसारखी नाजूक. बिघडलेला रेडिओ नुसता कानाशी धरून कुठे तार तुटली ते सांगतो. तोही उकंडरावाच्या युनियनमध्ये आहे. सुटी झाली की सायकल न घेता नाल्याच्या वाटेने पायी जातो, तिथल्या बोरीची बोरं पाडायला, असं पुतणी सांगत होती. एवढा मोठा माणूस आणि बोरं! नीळूला सांगितलं तर तोही खूप हसला.

१७ जानेवारी

काय दिवस आले आहेत. भगवानरावाला काल दिवस मावळताना नाल्यात धरला. चार जण होते, तोंडाला फडकी. दोघे छातीवर बसले, एकाने मनगट दाबून हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्याने वरून दगड घातला. एक-एक बोट, मोजून. मग दुसरा हात. बोरीखालीच पडला होता, तोंडात माती कोंबलेली, म्हणून ओरडणं ऐकू आलं नाही. मंजुळाबाई पाहून आली. म्हणाली, बोटं वांग्यासारखी झाली, निळी.

मी नीळूला म्हटलं, "असले लोक कोण असतीन रे?"

"चोर असतीन, माय."

"त्याच्याजवळ बोरांशिवाय काय होतं?"

नीळूने पाण्याचा तांब्या उचलला. त्याच्याही तळहाताला खरचटलं होतं, कुस्तीत. मी हळद लावली. मग म्हणाला, "माय, तुले दात बसवून देतो. अकोल्याले एक दातवाला आहे." मला किती आनंद झाला! ज्वारीची भाकरी कधीची भिजवून खाते मी.

३ फेब्रुवारी

दात आले! लेबर साहेबांनी नीळूला घरी बोलावलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही मापाला अकोल्याला रेल्वेने गेलो होतो. दातवाल्याने तोंडात चिखल कोंबला आणि गप्प राहा म्हणाला. तेवढंच अवघड गेलं. आज वरचे आणि खालचे दोन्ही बसवले. बोलताना खडखडतात, पण भाकरी तुटते. कंपनीतल्या सगळ्या बायकांनी वाकून वाकून पाहिले. नीळूसाठी देवापुढे दिवा लावला.

कंपनीत हवा गरम आहे. बायका म्हणतात, आता भिंगातून दिसत नाही, डोळ्यांत पाणी येतं, तरी माल वाढवा म्हणतात. संप करायचं चाललं आहे. त्याची पत्रकं छापून आणली आहेत आणि शालूबाईने ती पिठाच्या डब्यात, पिठाखाली लपवली आहेत. किती हुशार! मी नीळूला सांगितलं तर म्हणाला, "वा, डोकं आहे बाईले."

५ फेब्रुवारी



काल दुपारी शालूबाई दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी तिच्या घरात माणसं घुसली. सरळ स्वयंपाकघरात गेली. फळीवर चार डबे होते, त्यातला पिठाचाच उचलला आणि उलटा केला. नेमका तोच कसा उचलला, नवल आहे. पत्रकं घरातच पेटवली. शालूबाई डब्यावर पडली तर तिची वेणी हाताला गुंडाळून तोंड उंबऱ्यावर आपटलं. एकदा नाही. ओठ फाटला, समोरचे सगळे दात उंबऱ्यावर राहिले. तिचं पोर तिथेच होतं, पिठात बसलेलं, पांढरं फटक. रक्त पिठात मिसळून गोळे झाले, ते पोर हाताने दाबत होतं.

ती आज पट्टी बांधून पोराला पाजायला आली. मी जवळ गेले, बोलायला तोंड उघडलं, आणि ती माझ्या दातांकडे पाहत राहिली. मग पोर घेऊन उन्हात जाऊन बसली.

१० फेब्रुवारी

पाळणाघरात कोणी बोलत नाही. मी आत गेले की बायका पोराच्या तोंडावर पदर ओढतात. कसंतरी होतं. एवढे पाळणे आणि आवाज फक्त दोऱ्यांचा.

आज मंजुळाबाईला अडवलं. म्हटलं, "बाई, केलं तरी काय मी?"

ती बाळाचे लंगोट गोळा करत होती. थांबली नाही. म्हणाली, "अंबूमाय, तुमच्या पोटात काही राह्यते का?"

"मले कोणाचं वाईट नाही करायचं वो."

"तुमी बोलता, अन् तुमचा नीळू मारते. बोरीचं कोणाले माहीत होतं? पिठाचं कोणाले माहीत होतं? तुमाले."

मी तिच्या अंगावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. माझ्या नीळूला मी मुंगी मारू दिली नाही कधी. ती म्हणाली, "मंग ठीक आहे," आणि गेली.

घरी आले. नीळूचे कपडे धुवायला घेतले. सदऱ्याच्या कोपऱ्याला पीठ होतं, वाळून कडक झालेलं. घरातलंच असेल. मी तरी रोज भाकरी करतेच की.

११ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली. लिहू का नको असं झालं होतं.

जेवताना नीळूने विचारलं, "काय बातमी, माय?" मी म्हटलं, पाळणाघराच्या मागच्या कोठीत, जिथे जास्तीचे पाळणे ठेवतो, तिथे युनियनवाल्यांनी काठ्या लपवल्या आहेत. तिथे काहीच नाही. मला फक्त पाहायचं होतं. कोणाला कानोकान सांगितलं नाही, फक्त त्याला. काही झालं नाही तर उद्या मंजुळाबाईला सगळ्यांच्या समोर विचारणार, आता बोल.

नीळू म्हणाला, "कोठीत? बरं." आणि भाकरी अर्धी ठेवून उठला.

१२ फेब्रुवारी

आले.

दुपारच्या सुट्टीआधी आले, बायका शेडमध्ये असताना. सात-आठ जण, तोंडाला फडकी. कोठीचं कुलूप पहारीने तोडलं. आतले पाळणे एकावर एक होते, ते ओढून फोडले, काठ्या सापडेनात म्हणून आणखी चिडले आणि खोलीत आले. मी दारात आडवी झाले तर कोपराने बाजूला केली. पाळण्याच्या दोऱ्या कापल्या. भरल्या पाळण्यांच्या. पोरं दाणकन खाली पडली. मंजुळाबाईचं पोर दगडी फरशीवर डोक्यावर आपटलं, कानातून रक्त आलं, मग त्याने रडायचंही थांबवलं. मी पोटाशी घेऊन डिस्पेन्सरीत पळाले. पायात चप्पल नव्हती, खिडकीच्या फुटलेल्या काचेवरून गेले, ते नंतर कळलं.

फडकं बांधलेला एक होता, त्याच्या सदऱ्याच्या बाह्या फाडलेल्या होत्या. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

पोर वाचलं. डॉक्टर म्हणतात, ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. मंजुळाबाईचे पाय धरले मी. तिने सोडवले नाहीत, उचललंही नाही.

ही माझी परीक्षा होती आणि किंमत त्या पोराने दिली.

१४ फेब्रुवारी

संप झाला. कशाचा झाला, लढाईच झाली.

सकाळच्या भोंग्याला सगळे गेटवर बसले, बायका पुढे. साहेबांनी बाहेरून ट्रकने माणसं आणली होती. ट्रक थांबलाच नाही. बायका उठल्या आणि दगड सुरू झाले. काचा, डोकी, काहीच उरलं नाही. फोरमनला खाली ओढून त्याच्या तोंडावर झाळायची तापलेली सळई टेकवली, कातडी जळाल्याचा वास माझ्यापर्यंत आला. वॉचमनच्या लाठ्या शालूबाईच्या पाठीवर पडत होत्या आणि ती दात नसलेल्या तोंडाने शिव्या देत होती. आमचीच माणसं दोन्हीकडे.

भगवानरावाच्या दोन्ही हातांची बोटं बांधलेली. त्याला कोणाला मारताही येत नव्हतं, नुसता हात वर करून मध्ये उभा राहिला, बसा रे बसा रे करत. त्याला पोटात गुप्ती घातली. दोनदा. त्याने पोट धरायला हात नेले, पण बांधलेल्या हातांनी काही धरता येईना. गेटच्या खांबाला पाठ लावून तो खाली घसरत गेला. तिथेच मेला.

गुप्ती कोणी घातली ते उकंडरावाने जवळून पाहिलं, असं सगळे म्हणतात. त्याच्याही मांडीत वार आहे. तो गर्दीत गेला तो कुठे गेला माहीत नाही. लेबर साहेबांची माणसं घरोघर शोधून राहिली आहेत. खामगावहून प्रांतसाहेब चौकशीला येणार आहेत, त्याच्या आत उकंडराव सापडला तर बोलायला उरणार नाही.

नीळू आला नाही. मी स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला.

१६ फेब्रुवारी

कंपनी बंद, पण पाळणाघराच्या किल्ल्या माझ्याजवळ, म्हणून फुटलेले पाळणे आवरायला गेले. मागच्या कोठीचं दार कुलूप तोडल्यापासून उघडंच, आत मोडक्या पाळण्यांचा ढीग आहे. त्यामागून कण्हणं आलं.

उकंडराव. पाय लंगोटांनी बांधलेला, मंजुळाबाई शेजारी. मला पाहिल्यावर ती उभी राहिली, हातात पाळण्याचा दांडा. मारणारच होती.

"इथं काऊन आणलं?" मी विचारलं.

"पाहून झाली ना ही जागा त्याईची. दुसऱ्यांदा नाही पाहत कोणी." मग तिचा हात खाली आला. "आता तुमाले कळलं. संपलं."

उकंडराव म्हणाला, "अंबूमाय, प्रांत येईपर्यंत. तेवढंच."

मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. मला वाटतं जन्मात पहिल्यांदा इतकं थोडं बोलले. बाहेर येऊन कोठीला दुसरं कुलूप लावलं आणि झाडू मारत राहिले.

१८ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पाहून शैलजाबाई रडतील.

काल नीळू आला. आंघोळ केली, जेवायला बसला. म्हणाला, "मंग माय?"

मी भात वाढला.

"कंपनीत गेली होतीस म्हणे. भाकरी बांधून नेली होतीस. कोणासाठी?"

मी वरण वाढलं.

"माय, तू अन् गप्प?" तो हसला. मग हसला नाही. "माय, साहेब मले सोडत नाही. उकंडराव बोलला तर मी फासावर जातो. तुले समजते का? मी. तुझा नीळू."

तेव्हा मला कळलं गुप्ती कोणाची होती. ताट हातात होतं, तसंच राहिलं.

तो माझ्या पायाशी बसला. लहानपणी बसायचा तसा, गुडघ्यावर डोकं. रडला. म्हणाला, "सांग ना माय, सांग." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेल लावायचं राहिलं होतं. त्याला वाटलं आता सांगते. मी काही सांगितलं नाही.

मग त्याने तो हात धरला. मनगट. हळूच, मग हळू नाही. मला आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. मी ओरडले ते ओरडले, पण शब्द नाही आला एकही. त्याने सोडून दिलं आणि आपल्याच हाताकडे पाहत राहिला. मग बाहेर जाऊन उलटी केली.

खरं सांगू का? हात ठणकत होता, कोपरापर्यंत आग. आणि मला आतून आनंद झाला. मी, अंबूबाई, जिच्या पोटात काही राहत नाही, तिच्या पोटात राहिलं!

२० फेब्रुवारी

प्रांतसाहेब आले. कंपनीच्या कँटीनमध्ये टेबल मांडलं, मागे पोलीस. उकंडराव मंजुळाबाईच्या आणि शालूबाईच्या खांद्यावर हात टाकून कोठीतून चालत आला. लेबर साहेबांचं तोंड पाहायला पाहिजे होतं, पण मी नीळूला पाहत होते. तो दारात उभा होता. पळाला नाही. पळाला असता तर मला सोपं गेलं असतं.

उकंडरावाने सांगितलं. लेबर साहेब म्हणाले, हा खोटारडा आहे, वैर आहे. प्रांतसाहेबांनी विचारलं, दुसरं कोणी आहे का सांगणारं.

मी हात वर केला, मोडका, फडक्यासकट.

खुर्ची दिली मला. खुर्ची! मी बसले आणि सुरुवात केली. बोरीपासून. नीळू रोज जेवताना काय विचारायचा, मी काय सांगायची, मग कोणाला काय झालं. पिठाचा डबा. सदऱ्याचं पीठ. लेबर साहेबांनी नीळूला कोणत्या दिवशी घरी बोलावलं ते, आणि दुसऱ्या दिवशी दात बसवायला अकोल्याला कसं नेलं ते. कोठीतल्या काठ्यांचं खोटं मीच सांगितलं हेही सांगितलं, मंजुळाबाई समोर असताना. कारकुनाची लेखणी मागे पडत होती.

प्रांतसाहेब म्हणाले, "बुढीमाय, जरा हळू. लिहू द्या."

"लिहा साहेब. मले घाई नाही."

मग त्यांनी विचारलं, तुमचा हात कोणी मोडला? नीळूने मान हलवली, एवढीशी, नाही म्हणून. लहानपणी कैरी चोरल्यावर हलवायचा तशी.

मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, कारण लिहिताना चूक व्हायला नको. मग म्हटलं, "माझा नातू आहे, साहेब. मीच वाढवला."